वशिंडावरचा हात

पोळ्याच्या दिवशी सकाळी जानराव आणि त्याचा पोरगा रवी यांची जुंपली ती ट्रॅक्टरवरून. रवीचं म्हणणं, संध्याकाळी ट्रॅक्टर तोरणाखाली न्यायचा, त्यावर झूल टाकायची, समोरच्या दिव्यांना बेगड चिकटवायची; आता सगळीकडे असंच करतात. जानरावचं म्हणणं, लोखंडाला कसला आला पोळा? उद्या पिठाच्या गिरणीला बाशिंग बांधशील आणि मोटरपंपाचं बारसं करशील. रवी हसला. पोरगं हसलं म्हणून बाप आणखीच पेटला. कौशल्याबाईनं पुरणाच्या हातानं मध्ये पडून दोघांना गप्प केलं नसतं, तर घरात त्या दिवशी पोळीआधी शिव्याच वाढल्या गेल्या असत्या.

खरं सांगायचं तर जानरावचा राग पोरावर नव्हता आणि ट्रॅक्टरवरही नव्हता. आदल्या दिवशी दिवेलागणीला तो सवयीनं हळद-तुपाची वाटी घेऊन गोठ्यात गेला होता. पोळ्याच्या आदल्या सांजेला बैलांचे खांदे मळायचे आणि त्यांना उद्याच्या जेवणाचं आवतन द्यायचं, ही कुणब्याच्या घरची रीत. पण दावण रिकामी होती. चांद्या आणि हरण्या वैशाखातच विकले होते आणि ते याला चांगलं ठाऊक होतं, तरी पाय आपले गेले. कौशल्याबाई मागून आली तेव्हा तो म्हणाला, उंदीर पाहायला आलो. तिनं वाटी त्याच्या हातातून घेतली आणि चुलीकडे गेली.

बैल विकले ते फकीर मोहम्मदच्या हातानं. फकीर मोहम्मद हा गावातलाच बैलांचा व्यापारी. उपरण्याखाली बोटं धरून सौदे करण्यात त्याची हयात गेली, आणि मिसरूड फुटल्यापासून जानरावचा तो जिवाचा दोस्त. हा त्याला फकीऱ्या म्हणायचा, तो याला जान्या. दोघांच्या तोंडून एकमेकांबद्दल चांगला शब्द कोणी कधी ऐकला नव्हता. वैशाखात जोडी नेताना फकीर मोहम्मदनं सांगितलं होतं की, ती जळगाव जामोदकडे, सातपुड्याच्या पायथ्याच्या एका शेतकऱ्याला दिली. तिकडच्या उतारावर ट्रॅक्टर चालत नाही, बैलच लागतो. जानरावनं गावाचं नाव विचारलं तेव्हा तो म्हणाला, विकल्या बैलाच्या दारात जाऊ नये, त्याचंही काळीज दुखतं आणि आपलंही. जानराव हो म्हणाला. पण तेव्हापासून त्याच्या मनात एक कुसळ राहिलं होतं, आणि कुसळ असं असतं की दिसत नाही, नुसतं टोचतं.

आता झडतीचं सांगायला पाहिजे, कारण पुढचा सगळा घोळ तिच्यापायीच झाला. वऱ्हाडात पोळ्याला बैल तोरणाखाली जमले की एकमेकांवर झडत्या म्हणतात. झडती म्हणजे चार-सहा ओळींचं यमक जुळवलेलं टोमण्याचं गाणं. त्यात सरपंचापासून सासऱ्यापर्यंत कोणालाही सोडत नाहीत, आणि शेवटी सगळे मिळून हर हर महादेव करतात. या गावची त्यात आणखी एक रीत होती. झडती म्हणणाऱ्यानं आपल्या बैलाच्या वशिंडावर हात ठेवायचा. वशिंडावर हात ठेवून जे बोललं ते बैलाच्या पोटात गेलं. त्याचा राग धरायचा नाही, ते घरी न्यायचं नाही. हात काढून बोललं तर मात्र ते खरं, त्याचा जाब द्यावा लागतो. या एका हातावर गावानं किती वर्षं एकमेकांची सालं काढली आणि तरी एकाही घरची सोयरीक मोडली नाही.

संध्याकाळी आभाळ उघडं होतं, पण उकाडा असा की अंगाला चिकटत होता. आठवडाभराच्या पावसानं काळी माती अजून पायाला लागत होती. तोरणाखाली पूर्वी जिथं बैलांमुळे मुंगीला जागा राहत नसे, तिथं आता थोड्याच जोड्या, बाकी ट्रॅक्टर. रवीनं शेवटी आपलंच खरं केलं होतं. जानराव त्या लाल ट्रॅक्टरशेजारी उभा होता, परक्याच्या लग्नात आल्यासारखा. समोर फकीर मोहम्मद आपली जोडी घेऊन उभा. शिंगांना हिंगूळ, पाठीवर निळी झूल. त्यानं बैलाच्या वशिंडावर हात ठेवला आणि सवयीनं पहिली तोफ जानरावावरच डागली:

"धूर रे धूर, काया काया धूर,
जान्याच्या बैलाचा भलताच सूर!
शेन नाही, मूत नाही, शेताले नाही खत,
डिझल पिऊन झोपला बैल, उठवाची नाही गत!"

माणसं पोट धरून हसली. रवीही हसला. हर हर महादेव झालं आणि सगळ्यांची तोंडं जानरावकडे वळली, कारण उत्तर देणं हाही रिवाजच. जानराव दरवर्षी आठ दिवस आधीपासून झडती जुळवत असे. यंदा त्याला मन नव्हतं, काही जुळवलं नव्हतं. हात ठेवायला वशिंड शोधलं तर शेजारी ट्रॅक्टरच्या इंजिनावरचं तापलेलं टोपण. त्यानं त्याच्यावर हात ठेवला, चटका बसला, आणि तोंडातून जे निघालं ते असं:

"दोर रे दोर, अंबाडीचा दोर,
दावनीचा बैल नेला, नेनारा चोर!
चांद्या कुठी, हरन्या कुठी, कोनाले ठावं?
पुसा फकीऱ्याच्या सुरीले, सांगंन ती गाव!"

हसू कुठूनतरी सुरू झालं आणि मध्येच विझलं. सुरी हा शब्द पूर्वी बोलला असता तर तो चाललाही असता. पण हे दिवस तसे राहिले नाहीत, हे तोरणाखालच्या शेंबड्या पोरालाही कळत होतं. बैलाच्या व्यापाऱ्याला, त्यातून फकीर मोहम्मद नावाच्या माणसाला, चारचौघांत असं विचारणं म्हणजे गवताच्या गंजीजवळ काडी ओढणं. हर हर महादेव झालं ते अर्ध्याच तोंडांनी. फकीर मोहम्मदनं उत्तर दिलं नाही. त्यानं कासरा वळवला आणि जोडी तोरणाखालून न नेताच घराकडे नेली.

रात्रभर पारावर एकच वाद. काही म्हणत होते, झडती ती झडतीच, ट्रॅक्टरनं नांगरलं तर पीक येतं ना, मग ट्रॅक्टरवर हात ठेवून म्हटली तर का चालू नये? एकजण म्हणाला, स्टेअरिंग हेच त्याचं वशिंड. दुसरा म्हणाला, मग सायलेन्सर कोण? नीळकंठ गुरुजी शाळेतून निवृत्त झालेले, रीतीभातीत गाव त्यांचा शब्द मानायचं. त्यांनी चष्मा पुसून निकाल दिला की, लोखंडाला पोट नसतं, त्यात शब्द जिरत नाही. तेव्हा जानराव बोलला तो आरोप झाला. जानराव तिथंच बसला होता. मस्करी होती, असं त्याला म्हणायचं होतं. पण शब्द ओठाशी येऊन थांबला, कारण मस्करी होती की नव्हती हे त्याचं त्यालाच सांगता येईना.

दुसऱ्या दिवशी त्याचं कशातच लक्ष लागलं नाही. सोयाबीनमध्ये गेला, शेंगा दाबून पाहिल्या, परत आला. आडावर गेला, घागर न भरता परत आला. कौशल्याबाई म्हणाली, पायाला चाकं लागली का तुमच्या? आणि दुपारी दारात तीन मोटरसायकली थांबल्या.

पोरं बाहेरची होती, कपडे नीट, बोलणं मऊ. आल्या आल्या जानरावच्या पाया पडली आणि काका म्हणाली. त्यांच्यातल्या चष्मेवाल्यानं मोबाईल पुढे केला. त्यात जानराव ट्रॅक्टरवर हात ठेवून उभा होता आणि झडती म्हणत होता. फकीर मोहम्मदची झडती त्यात नव्हती, आधीचं हसू नव्हतं, शेवटचं हर हर महादेवही नव्हतं. नुसता जानराव, सुरी आणि मग ती शांतता. स्वतःचंच तोंड पाहून जानराव दचकला.

चष्मेवाला म्हणाला की, काकांनी हिंमत केली, आता थोडीच पुढे करायची. डोणगावच्या बाजाराच्या दिवशी आम्ही येतो. तुम्ही फक्त समोर उभं राहून हेच पुन्हा म्हणायचं, बाकी आमचं आम्ही पाहू. बाकी म्हणजे काय, हे जानरावनं विचारलं नाही. त्यानं पोरांना रीत समजावून सांगितली, पोळा सांगितला, बैलाचं पोट सांगितलं.

"अन् तुमचा हात तर ट्रॅक्टरवर आहे, काका," चष्मेवाला म्हणाला. "बैल कुठं आहे?"

जानरावनं घरात चहाची हाक दिली. पोरं चहा पिऊन, पुन्हा पाया पडून गेली.

जानराव तसाच अनवाणी फकीर मोहम्मदच्या घरी निघाला. त्या घरात तो रोज जायचा. नूरजहां, फकीर मोहम्मदची बायको, त्याला पाहिलं की म्हणायची, आला का चरायला, आणि चहा टाकायची. हा तिच्या चहाला नावं ठेवत दोन कप प्यायचा. आज तिनं चहाचं भांडं काढलं नाही. तिनं खुर्ची आणली, पदरानं पुसली आणि पाण्याचा तांब्या ताटलीवर ठेवून दिला. जानराव त्या घरात आयुष्यात कधी खुर्चीवर बसला नव्हता. तिथं बसताना त्याला रडू येईल असं वाटलं.

फकीर मोहम्मद बाहेर आला आणि म्हणाला, "बसा जानरावजी."

जानरावनं पोरांचं सगळं सांगितलं. फकीर मोहम्मद म्हणाला, मला कळलं आहे, मोबाईल आमच्या घरातही आहे. जानराव म्हणाला, गुरुजी काय म्हणतात ते सोड, हात ट्रॅक्टरवर होता एवढंच चुकलं माझं. तेव्हा फकीर मोहम्मदचा आवाज चढला.

"हाताचं नोको सांगू मले. हात गावासाठी असते. इतकी वर्षं झडती म्हनताना तुहं तोंड रागानं लाल होये, मले कधी भेव नाही वाटलं. काऊन? तं शेवटच्या ओळीले तू माह्याकडे पाहाचा. कशी मारली, असं पाहाचा. काल तू पाह्यलं नाही, जान्या. खाली पाह्यलं."

जानरावनं मान खाली घातली, आणि घातल्यावर त्याला कळलं की कालही त्यानं नेमकं हेच केलं होतं.

"गोठ्यात पाय ठेववत नाही मले," तो म्हणाला. "मनात आलं होतं तसं. खोटं काऊन बोलू."

"मंग विचाराचं होतं. घरात येऊन, माह्या नरड्याले हात घालून विचाराचं. म्या सांगतलं असतं. चारचौघात बोलाची गोठ होती काय ते?"

तो उठला, मोबाईल घेऊन आला. म्हणाला, त्या शेतकऱ्याला आत्ता फोन लावतो, चांद्या-हरण्या दोन्ही दाखवतो. जानरावनं त्याचा हात धरला. लावू नको म्हणाला. त्याला बैल पाहायची फार इच्छा होती, तरी त्यानं धरलेला हात सोडला नाही. मग म्हणाला की, मला दाखवू नको, पण त्या पोरांना दाखव, मिटून जाईल.

"आज तुहे दाखवीन," फकीर मोहम्मद म्हणाला. "उद्या आनखी कोनाचे मागतीन. जल्मभर इकले ते सारे बैल दाखवत फिरू काय मी? दाखवले नाही तं चोर, अन् दाखवले तरी मी रोज दाखवनाराच."

नूरजहां दाराआडून म्हणाली की, बाजारात जायचंच नाही, धंदा गेला खड्ड्यात. फकीर मोहम्मद म्हणाला, एका शेतकऱ्याला जोडीचा शब्द दिला आहे, तो बाजारात येऊन वाट पाहील. आणि आज भिऊन घरी बसलो तर पुन्हा कधीच निघता येणार नाही. हे बोलताना तो जानरावकडे पाहत नव्हता. जानराव जायला उठला तेव्हाही त्यानं त्याला पुन्हा जानरावजीच म्हटलं.

बाजाराच्या दिवशी जानराव उजाडल्यापासून फाट्यावर जाऊन बसला. कौशल्याबाईनं रवीला बरोबर पाठवायला काढला, यानं त्याला अर्ध्या वाटेतून परत हाकलला. फकीर मोहम्मद जोडी घेऊन आला तसा हा मुकाट्यानं त्याच्या बाजूनं चालू लागला. एरवी त्या रस्त्यानं दोघं चालले की शेतातली माणसं खुरपं टाकून ऐकायची. जानराव सारखा मागं वळून पाहत होता, मोटरसायकलचा आवाज आला की फकीर मोहम्मदच्या आणि रस्त्याच्या मध्ये येत होता.

पोरं आली ती बाजार चांगला भरल्यावर. या वेळी ती जास्त होती. त्यांनी फकीर मोहम्मदच्या जोडीभोवती कडं केलं, आणि कडं दिसलं की बाजारातली माणसं जमतातच. गावचेही चार-दोन होते. नीळकंठ गुरुजी भाजीची पिशवी घेऊन मागं उभे होते. चष्मेवाल्यानं मोबाईल उंच धरला आणि गोड आवाजात म्हणाला की, काका, सगळ्यांसमोर सांगा, परवा बोललात ते खरं की खोटं?

जानरावनं फकीर मोहम्मदकडे पाहिलं. तो कासरा धरून उभा होता. चेहऱ्यावर काही नव्हतं, फक्त त्याचा तो सौद्याला बसलेला हात, ज्याची बोटं उपरण्याखाली कधी चुकली नाहीत, तो हात कासऱ्याची गाठ पुन्हा पुन्हा चाचपत होता. खोटं म्हणावं तर पोरं म्हणतील म्हातारा भ्याला. मस्करी म्हणावं तर रीत समजावून सांगायची, आणि समजावून सांगितलेल्या मस्करीला कोणी हसलं आहे का आजवर? माणसांचं कडं आवळत चाललं होतं. कोणीतरी मागून पुढच्याला ढकललं.

मग जानराव काय करतो आहे हे कोणालाच आधी कळलं नाही. त्यानं डोक्यावरची टोपी काढून गुरुजींच्या पिशवीवर फेकली, धोतर खोचलं, आणि तिथंच त्या शेणा-चिखलात दोन्ही हात टेकून चार पायांवर उभा राहिला. मान हलवली. आणि बैलासारखा हंबरला.

दूर बांगड्यावालीचा आवाज तेवढा येत होता.

"फकीऱ्या," जानराव खालूनच ओरडला, "माह्या झडतीचं उत्तर बाकी हाय तुह्यावर. माह्यापाशी बैल नव्हता म्हनून गुरुजीनं मले बाद केलं. हा घे बैल. ठेव वशिंडावर हात, अन् म्हन."

कोणीतरी फिस्सकन हसलं. बहुतेक गुरुजीच, नंतर त्यांनी नाकारलं. फकीर मोहम्मद मात्र हलला नाही. जानरावच्या गुडघ्यात खडा रुतत होता, घाम नाकावरून टपकत होता, आणि त्याच्या मनात एकच, की हा हात ठेवतो की नाही. हात ठेवला नाही तर दोघंही गेले. त्यानं मान वर करून पाहिलं, आणि या वेळी नजर खाली घातली नाही.

मग त्याच्या मानेवर हात पडला. जड, कासऱ्यानं घट्टे पडलेला.

"सोट रे सोट, बाभुयीचा सोट,
जान्याची जीभ लांब, अकलेत खोट!
बैल इकून जान्या आता सोताच झाला बैल,
दात पडले, खूर झडले, अंगावरती मैल!
फुकट देतो, घ्या रे कोनी, दावन माही भरली,
याले नांगराले जुपला, तं जमीन हासून मेली!"

शेवटच्या ओळीला बाजार फुटला. हमाल हसले, व्यापारी हसले, भाजीवाल्या पदर तोंडात धरून हसल्या. एकजण गर्दीतून म्हणाला, दात दाखवा, मी घेतो. जानराव पुन्हा हंबरला, आणखी हसू. हर हर महादेव असं झालं की बाजूचे खरे बैल बुजले. हसणाऱ्या गर्दीला कोणावर सोडता येत नाही, हे त्या चष्मेवाल्यालाही कळलं असावं. त्यानं मोबाईल खाली घेतला. त्याच्याबरोबरचीच दोन पोरं हसत होती. तो जानरावला म्हणाला, काका, तुम्ही मोठे कलाकार आहात, आणि मोटरसायकली वळल्या. पुन्हा येऊ असं तो म्हणाला नाही, येणार नाही असंही म्हणाला नाही.

फकीर मोहम्मदनं जानरावला काखेत हात घालून उठवलं. त्याच्या गुडघ्यांवरचं शेण आपल्या उपरण्यानं झटकलं. आणि झटकता झटकता, कोणाला ऐकू जाणार नाही असं, त्याच्या कानाशी म्हणाला, "यापुढं माह्यावर झडती म्हनू नोको, जानराव. मले आता तिचं भेव वाटते."

हे बोलताना त्याचा हात मानेवर नव्हता.

गर्दी मात्र सोडायला तयार नव्हती. उत्तर द्या, जानराव, उत्तर द्या, असा गलका सुरू झाला. आणि जानरावच्या ओठाशी खरोखरच एक झडती आली होती. आजवरची सगळ्यांत चांगली, यमक चपखल, फकीऱ्याला आडवा पाडणारी. ती त्याच्या जिभेवर नाचत होती. त्यानं ती गिळली.

"हरलो बाप्पा," तो म्हणाला. "मी हरलो."

बाजारानं टाळ्या पिटल्या. दोघांच्या झुंजीत जानराव तोवर कधी हरला नव्हता, त्या दिवशी पहिल्यांदा फकीर मोहम्मदनं त्याला हरवलं, असं गावात अजून मोठ्या कौतुकानं सांगतात.